मधला टप्पा

त्यांना कुठल्याही गावाचं अंतर विचारू नये, हे कुणी आधी सांगितलं असतं तर टोकावड्यातली माझी पहिली सकाळ वाया गेली नसती.

मी गुरांची डॉक्टर. नोकरीतली पहिलीच नेमणूक मुरबाडच्या पुढे, टोकावड्याला मिळाली. माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून त्यांचं, म्हणजे माझ्या घरमालकांचं घर, मागे गोठा, आणि त्या दोघांच्या मधली एक खोली मला राहायला मिळाली होती. पहिल्याच सकाळी वैशाखऱ्याला लसीकरणासाठी जायचं होतं. ते ओटीवर बशीतून चहा पीत बसले होते. मी सहज विचारलं, काका, इथून वैशाखरे किती लांब?

त्यांनी बशी खाली ठेवली. कशानं जाणार, विचारलं. स्कूटरने म्हटल्यावर, स्कूटर जुनी की नवी? सोबत काय काय आहे? लसीची बर्फाची पेटी आहे म्हटल्यावर, पेटीचं झाकण घट्ट बसतं का? वाटेत ढाब्यावर थांबायची सवय आहे का? नाश्ता झाला का? एवढं सगळं विचारून झाल्यावर त्यांनी रस्त्याकडे एकवार बघितलं आणि सांगितलं, बर्फ वितळायच्या आत पोचशील.

मला किलोमीटर हवे होते, असं मी म्हटलं. तेव्हा ते वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. पुढे ते इतक्या वेळा ऐकलं की झोपेतही म्हणू शकेन.

"किलोमीटर दगडावर लिवतात गो. दगडाला कुठं जायचंय?"

ते तालुक्याच्या बसस्थानकात वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण गाव त्यांना कंट्रोलरच म्हणायचं. खरं नाव कुणाच्या तोंडात नव्हतं. लग्नपत्रिकासुद्धा 'कंट्रोलर, टोकावडे' एवढ्याच पत्त्यावर यायच्या आणि पोचायच्या. आयुष्यभर खिडकीमागे बसून गाड्या सोडल्यामुळे त्यांची घरातली भाषाही तीच राहिली होती. काकींनी ताटं घेतली की ते ओटीवरून पुकारायचे, जेवण फलाटाला लागलं आहे, प्रवाशांनी पाटावर बसून घ्यावं. भाकरी यायला वेळ लागला की भाकरी उशिरानं धावत आहे. काकी आतून म्हणायच्या, मग आज भाकरी रद्द. त्यावर मात्र ते मुकाट्याने उठून चुलीत फुंकणी घालायचे.

काकी शांत बाई. जे बोलायच्या ते थोडक्यात आणि कामापुरतं.

माझा दवाखाना सरकारी होता, पण तो चालवायचे कंट्रोलर. सकाळी आसपासच्या पाड्यांवरून माणसं यायची. कुणाची गाय आटली, कुणाच्या बैलाच्या खांद्याला सूज. ती आधी ओटीवर अडायची. कंट्रोलर त्यांचं ऐकून घ्यायचे आणि मी कुठे आधी जायचं ते ठरवायचे. डॉक्टरीण आधी अमुक पाड्याला सुटतील, तिथून तमुक, तुमचा तिसरा टप्पा, तोवर बसा, चहा घ्या. मला सुरुवातीला राग यायचा. मग एकदा एक म्हातारा आला. तो काही न बोलता नुसता खांबाला टेकून उभा राहिला. रांगेत तो शेवटचा होता. कंट्रोलरनी त्याच्याकडे बघितलं, दोन शब्द विचारले आणि माझी बॅग स्वतः स्कूटरला अडकवली. ही गाडी आधी सोडा, असं ते कुणाला म्हणाले कुणास ठाऊक. मी पोचले तेव्हा म्हाताऱ्याची गाय पोट फुगून आडवी पडली होती. जरा उशीर झाला असता तर गेली असती. त्यानंतर मी वेळापत्रकाबद्दल तक्रार केली नाही.

तर, अंतराचं. त्यांच्या हिशेबी जगात तीनच अंतरं होती. पहिलं डब्याचं. सकाळी केलेला डबा आंबायच्या आत जिथून परत येता येतं ते. मुरबाड, शहापूर, कल्याण ही डब्याची गावं. दुसरं मुक्कामाचं, जिथे गाडी रात्री थांबते आणि सकाळी परत फिरते. आणि तिसरं म्हणजे न जाण्याचं, त्याबद्दल बोलून उपयोग नाही. दिल्ली त्यांनी न जाण्याच्या अंतरात टाकली होती. त्यांच्या सख्ख्या मेव्हणीचं घर डोंगरापलीकडे, पण गाडी बदलून जावं लागायचं आणि ती गाडी कधीच मिळायची नाही, म्हणून मेव्हणीलाही त्यांनी दिल्लीच्याच रांगेत बसवलं होतं. यावर काकींचं म्हणणं वेगळं होतं.

शिवाय जाण्याचं अंतर आणि येण्याचं अंतर कधीच सारखं नसतं, अशी त्यांची पक्की समजूत. माळशेज चढताना लांब असतो, उतरताना जवळ. माहेर जाताना जवळ, येताना लांब. यावर मी वाद घातला तर म्हणायचे, तुझी गाय डोंगरावर जाताना बघ आणि गोठ्याकडे येताना बघ.

अशा माणसाच्या मुलीने लग्नासाठी पसंत केला तो मुलगा अंदमानात कामाला होता.

मनीषा त्यांची एकुलती एक. शहापूरच्या एका दवाखान्यात नर्स होती. मुलगा मूळचा वाशिंदचा. त्याच्या वडिलांचं सगळं आयुष्य तिथल्याच एका कारखान्यात गेलेलं. हा शिकला आणि पोर्ट ब्लेअरच्या बंदरात क्रेनवर लागला. सुट्टीवर आला असताना आईला घेऊन दवाखान्यात आला, आणि आईला बरं वाटल्यावरही येत राहिला. मनीषाने हे आधी काकींना सांगितलं, मग मला, आणि वडिलांना कसं सांगायचं यावर आठवडाभर विचार केला.

तिने वडिलांना वडिलांच्या भाषेत सांगितलं. मी तेव्हा ओटीवरच होते. ती म्हणाली, मुलगा पोर्ट ब्लेअरला असतो. त्यांनी भुवई उंचावली. ती लगेच म्हणाली, मुंबईहून साडेतीन तास.

साडेतीन तास. कंट्रोलरनी डोळे मिटले आणि मनातल्या मनात गाड्या लावल्या. टोकावड्याहून दादर साडेतीन तास. कधी कधी चारही. म्हणजे दादरच्या पलीकडे आणखी एक दादर. डब्याचं अंतर नाही, पण मुक्कामाचं धरायला हरकत नाही. त्यांनी डोळे उघडले आणि मुलाचं घराणं, आईवडील, पगारपाणी याची चौकशी सुरू केली. मनीषाने माझ्याकडे बघून श्वास सोडला.

साखरपुड्याला कंट्रोलर खुशीत होते. पाहुण्यांना सांगत होते, पोर काय लांब नाय गेली, दादरच्या जरा पुढं. ही गंमत आहे असं समजून लोक हसत होते. मग मुलाच्या मामांनी पेढा तोंडात टाकता टाकता सहज म्हटलं की नकाशात बघितलं तर ते बेट आपल्यापेक्षा ब्रह्मदेशाला जवळ. मधे सगळा समुद्र.

कंट्रोलर माझ्या शेजारी उभे होते. ते वळून मला म्हणाले, "डॉक्टरीण, फोनमध्ये बघ. किती किलोमीटर?"

त्यांना किलोमीटर विचारताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. मी बघून सांगितलं. सव्वादोन हजारांच्या वर. तेही सरळ उडत गेलं तर.

त्यांनी काही तमाशा केला नाही. पाहुणे जाईपर्यंत हात जोडून उभे राहिले. मग अंगरखा काढून खुंटीला लावला आणि ओटीवर बसून हिशेब मांडायला लागले. ओटीवरून मुरबाड. मुरबाडहून कल्याण. कल्याणहून विमानतळ. तिथे म्हणे माणसाला विमान सुटायच्या कितीतरी आधी नेऊन बसवतात. मग ते साडेतीन तास. मग उतरायचं, सामानाची वाट बघायची, रिक्षा शोधायची, बंदराच्या क्वार्टरपर्यंत जायचं. काही काही विमानं मद्रासला थांबवून दुसऱ्या विमानात बसवतात, हेही त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. हिशेब संपला तेव्हा संध्याकाळ झाली होती.

मनीषा पाणी घेऊन आली तर त्यांनी तांब्या घेतला नाही.

"तू मला मधला टप्पा सांगितलास," ते म्हणाले. "आधीचा नाय, नंतरचा नाय."

"तुमीच म्हणता ना, अंतर तासात सांग," मनीषा म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

"पोरी, गाडी घरातून सुटती. फलाटावरून नाय."

त्यानंतर ते तिच्याशी बोलेनासे झाले. रागावले नव्हते, तसं असतं तर बरं झालं असतं. जेवायला बसायचे, उठायचे. पुकारणं बंद झालं. काकी ताटं घ्यायच्या आणि पदराने डोळे पुसत आत जायच्या. वाशिंदहून तारीख धरायची का म्हणून फोन यायचे आणि काकी काहीतरी कारण सांगायच्या. मनीषाने एकदा गोठ्यात माझ्याजवळ येऊन सांगितलं की मी नकार कळवते. एवढं काय अडलंय माझं. असं म्हणताना ती म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि म्हैस वळून वळून तिच्याकडे बघत होती.

मग एका सकाळी ओटीवरून आवाज आला. नवी गाडी सुरू करायची तर आधी काय करतात, असं ते मला विचारत होते. मला ठाऊक नव्हतं. आधी रिकामी गाडी त्या रस्त्याने फिरवून आणतात, म्हणाले. रस्ता कसा, थांबे कुठे, वळणं कुठे अवघड, ते माणूस स्वतः बघून येतो. मगच गाडी सुरू होते. आपल्या हद्दीतल्या सगळ्या नव्या गाड्यांवर ते असे आधी स्वतः जाऊन आले होते.

"मी बघून येतो. मग काय ते सांगतो."

काकींनी आतून विचारलं, एकटे? आणि उत्तराची वाट न बघता ट्रंकेतून स्वतःची ठेवणीतली साडी काढली. म्हैस गाभण होती, दिवस भरत आले होते. तिला कुणाच्या भरवशावर टाकायची हा प्रश्नच नव्हता. घरात डॉक्टर होतीच. म्हणून मी मागे राहिले आणि ते दोघं बेटावर गेले.

दोघं परत आल्यावर त्या प्रवासाच्या दोन हकिगती मला ऐकायला मिळाल्या. पहिली कंट्रोलरची. ती त्यांनी बॅग खाली ठेवायच्या आधीच सुरू केली. विमानतळाबद्दल त्यांचं मत फार चांगलं झालं होतं. फलाट स्वच्छ, पाट्या वाचता येतात, माणसं दरवाज्यात लोंबकळत नाहीत. पण त्यांना सगळ्यात आवडलं ते वेगळंच. विमानांनाही कंट्रोलर असतो. उंच मनोऱ्यात, काचेच्या खोलीत बसलेला. तो म्हणाल्याशिवाय ड्रायव्हर जागचा हलत नाही. त्यांचं विमान बराच वेळ नुसतं उभं होतं, लोक कुरकुरत होते, तेव्हा यांनी शेजारच्या प्रवाशाला समजावलं की वरच्या माणसाला दोष देऊ नका, त्याला पुढचं सगळं दिसतंय. बेटाबद्दल एकच तक्रार होती. तिथे सूर्य फार लवकर उगवतो आणि दुपार सरते न सरते तोच मावळायला लागतो. वेळेआधी गाडी सोडणं हा त्यांच्या नोकरीत सगळ्यात मोठा गुन्हा होता. सूर्याला कुणी विचारणारं नाही, म्हणाले. येताना विमानाला जास्त वेळ लागला, समोरून वारा असतो म्हणे. हे सांगताना ते माझ्याकडे असं बघत होते की माळशेजचा आमचा जुना वाद तिथेच मिटला.

आणि प्रवास, मी विचारलं. विमान उडाल्यापासून उतरेपर्यंत?

"वरचं काय सांगायचं. सगळं आभाळच."

दुसरी हकिगत काकींची. ती मला गोठ्यात मिळाली, गाईची धार काढताना. यांनी कडेची जागा घेतली, म्हणे ती कंडक्टरची. खिडकी काकींना दिली. पट्टा बांधून घेतला, समोरच्या बाईने हातवारे करून सांगितलेलं सगळं नीट ऐकलं, आणि विमान जमिनीवरून उचलायच्या आत झोपले. काकींच्या खांद्यावर डोकं टाकून. खाणं आलं, यांना हलवलं, उठले नाहीत. काकींनी दोघांचं खाल्लं. चाकं खाली टेकली तेव्हा दचकून जागे झाले आणि विचारलं, सुटलं का?

आयुष्यभर चाचणी फेऱ्यांना डोळे उघडे ठेवून गेले, काकी म्हणाल्या, आणि या फेरीला गेले ते घोरत. त्या हसायला लागल्या आणि हसता हसता बादली सांडता सांडता राहिली.

कंट्रोलरनी हे कधीच मान्य केलं नाही. डोळे मिटून विचार करत होतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा निकाल मात्र जाहीर झाला तो असा: टोकावड्याहून विमानतळ लांब आहे, यात शंका नाही. पण तिथून पुढे बेट लागूनच आहे.

गावाने तो मान्य केला. मनीषा रडली, मग हसली. वाशिंदला फोन गेला, तारीख धरली. घरात भाकऱ्या पुन्हा उशिराने धावायला लागल्या.

पण झोपेत गेलेल्या रस्त्यावरून त्यांनी मुलगी दिली, हे मला पटत नव्हतं. लग्नाच्या गडबडीत एकदा मांडवाचे बांबू मोजून घेत असताना मी त्यांना विचारलं, खरं काय ठरलं तिथे? त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि सांगितलं.

विमान फार उशिरा पोचलं होतं. बाहेर आले तर मुलगा दारातच उभा. उन्हात चेहरा लाल झालेला, हातात फडक्यात बांधलेला डबा. वेळेवर विमान येईल म्हणून तो सकाळीच आला होता. त्याने क्वार्टरवर तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या, जाडजूड, कडा फाटलेल्या. सासूसासऱ्यांना तिथलं जेवण रुचलं नाही तर काय करतील, म्हणून. कंट्रोलरनी डबा घेतला आणि विचारलं होतं की गाडी एवढी उशिरा आली, मग तू काय केलंस?

"काय म्हणाला?"

"म्हणाला, थांबलो." त्यांनी हातातला बांबू जमिनीवर टेकवला. "खिडकीमागं जन्म गेला माझा. गाडी उशिरा आली की माणसं काय काय बोलतात ते सगळं ऐकलंय. नुसतं थांबलेलं माणूस मी लय कमी बघितलं गो."

लग्न टोकावड्यालाच झालं. चांगलं झालं. मामांना पेढा देताना कंट्रोलरनी त्यांच्याकडे जरा टक लावून बघितलं, एवढंच. म्हैस व्यायली, पारडी झाली, तिचं नाव काकींनी अंदमानी ठेवलं. मनीषा चार दिवस वाशिंदला सासरी राहून तिथूनच परस्पर विमानतळावर जाणार होती, म्हणून निरोप आदल्याच दिवशी वाशिंदला जाऊन झाला होता. तिथे कंट्रोलर अगदी ठीक होते. बॅगा मोजल्या, कुलपं ओढून बघितली, जावयाला पाण्याची बाटली हाताशी ठेवायला सांगितलं. मनीषा पाया पडली तेव्हाही ठीक होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाला ओटीवर आले. काकी सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. कंट्रोलर खांबाला टेकून बसले होते आणि चहा पुढ्यात तसाच निवत होता. आत भिंतीवरच्या घड्याळाकडे ते मधून मधून मान वळवून बघत होते. पाड्यावरून दोन माणसं आली होती, त्यांना त्यांनी काहीच विचारलं नाही. मीच त्यांना दवाखान्यात जाऊन बसायला सांगितलं.

मनीषाचा फोन येऊन गेला होता. विमानात बसलो, आता बंद करते, पोचल्यावर करीन. त्याला बराच वेळ झाला होता.

"आता सुटलं असंल," ते म्हणाले.

काकींनी मान हलवली.

रस्त्यावरून घाटाकडची गाडी गेली. त्यांनी तिच्याकडे बघितलंही नाही. मग हाताने लुंगीचा काठ सरळ करत, कुणाकडेच न बघता, ते म्हणाले, "मी झोपलो व्हतो."

काकींचे हात थांबले. मी कप तोंडाला लावला होता तो तसाच धरून ठेवला. मला वाटलं काकी आता हसतील. त्या हसल्या नाहीत.

"तू जागी व्हतीस," ते म्हणाले. "खिडकीशी. मधे काय काय लागतं ते सांग."

काकींनी सूप बाजूला ठेवलं. हात पदराला पुसले आणि जरा त्यांच्या बाजूला सरकून बसल्या. आधी निळे कागद दिसतात, म्हणाल्या. झोपड्यांवरचे. मग खाडी, तिच्यात मचवे. मग विमान तिरकं होतं आणि पोटात खड्डा पडतो, पण तेवढ्यापुरताच. मग आपले डोंगर येतात. माळशेजच असंल असं वाटलं, पण विचारणार कुणाला. त्यानंतर खूप वेळ नुसती शेतं, तपकिरी, मधे मधे तळी चमकतात. एक नदी लागते, तिला पाणी कमी नि वाळूच जास्त. ढग खाली असतात, आपण वर. त्यांच्या सावल्या शेतांवर पडतात, बसलेल्या म्हशींसारख्या.

ते ऐकत होते. डोळे मिटलेले, पण झोप नव्हती. प्रत्येक गोष्टीला मान हलत होती, वहीत टिंब टाकावं तशी.

मग जमीन संपते, काकी म्हणाल्या. पांढरी रेघ दिसते, किनाऱ्याची. आणि तिच्यापुढे सगळं पाणी—

त्यांनी काकींच्या हातावर हात ठेवला.

"जरा दमानं सांग गो," ते म्हणाले. "पोरीला अजून समुद्र लागला नसंल."